प्लेऑफच्या उंबरठ्यावर: क्वार्टरबॅक मोजायचा कसा, आणि भरवसा कोणावर ठेवायचा?

मेघना_जर्सी | ३१ डिसेंबर २०२४, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये काल रात्री डेट्रॉइटने सॅन फ्रान्सिस्कोला ४०-३४ असे हरवले आणि सतरावा आठवडा संपला. आता साखळीचा एकच आठवडा उरला आहे, मग प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचे सामने. कॅन्सस सिटी चीफ्स १५-१ (पंधरा विजय, एक पराभव), डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज दोघेही १४-२, बफलो बिल्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स १३-३ अशी स्थिती आहे. विजयांचे आकडे इतके जवळजवळ असताना खरा बलवान कोण हे ओळखायचे कशावरून, हा प्रश्न गेले काही दिवस माझ्या मनात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडचे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ केव्हाच बाद झाले असल्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाही. मात्र या हंगामातल्या दोन सर्वांत मोठ्या कहाण्या आमच्याच अंगणातून बाहेर गेलेल्या माणसांच्या आहेत. सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) जेट्सनी २०१८ सालच्या नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि तीन हंगामांनंतर सोडून दिले. तो कॅरोलायनात गेला, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला, आणि या ऑगस्टमध्ये मिनेसोटाच्या जे. जे. मकार्थीचा गुडघा जायबंदी झाला तेव्हा कुठे त्याच्या वाट्याला सबंध हंगाम आला. आज त्याच्या नावावर चौदा विजय आहेत. दुसरा सेक्वॉन बार्कली. जायंट्सनी त्याला जाऊ दिले, तो फिलाडेल्फियात गेला आणि परवा डॅलसविरुद्ध त्याने चेंडू घेऊन धावत मिळवलेल्या यार्डांचा २,००० चा टप्पा ओलांडला.

माणूस तोच, जागा बदलली आणि सगळेच बदलले. मग क्वार्टरबॅकचे मोल त्याच्या संघापासून वेगळे काढता येते का? माझे मत असे आहे की विजयांचा आकडा संघाचा असतो, क्वार्टरबॅकचा नसतो. मी त्याच्याकडे पाहताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवते: त्याच्याभोवतीचे रक्षकांचे कडे मोडल्यावर तो काय करतो, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती किती वेळा देतो. या दोन्ही कसोट्यांवर मला बफलोचा जॉश ॲलन सर्वांत पुढे दिसतो. गेल्या वर्षी त्याचे १८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पकडले होते, या वर्षी फक्त सहा. आपल्याला काय वाटते?

ओहायोकर | ३१ डिसेंबर, सकाळी ११:०५

मेघनाताई, विजयांचा आकडा संघाचा असतो हे आपले म्हणणे पटवून द्यायचे असेल तर सिनसिनाटीसारखे दुसरे उदाहरण नाही. जो बरो या वर्षी ज्या दर्जाचा खेळतो आहे तसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता, आणि तरी संघ ८-८ वर अडकला आहे. वॉशिंग्टनविरुद्ध ३८-३३, बाल्टिमोरविरुद्ध एकदा जादा वेळेत ४१-३८ आणि एकदा ३५-३४, पिट्सबर्गविरुद्ध ४४-३८ असे चार पराभव आमच्या वाट्याला आले. ३३ किंवा त्याहून अधिक गुण करूनही चार वेळा हरणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकने आणखी काय करायला हवे होते? बचावाने यांतले दोन सामने जरी राखले असते तरी आज आपण बरोचे नाव पहिल्या ओळीत घेतले असते. तो तितकाच चांगला असता, केवळ आपली नजर बदलली असती.

शनिवारी डेन्व्हरविरुद्ध जादा वेळेत ३०-२४ ने जिंकलो तेव्हा रात्री घरात सगळेच ओरडत होते. अजून आशा आहे.

अण्णा_कॅन्सस | ३१ डिसेंबर, दुपारी १:२०

मी ओव्हरलँड पार्कला गेली एकोणीस वर्षे राहतो आणि चीफ्सचे वाईट दिवसही मी पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पॅट्रिक महोम्सचे यंदाचे आकडे, २६ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार पोहोचवणे) आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेली फेक), हे त्याच्या मानाने साधे आहेत, हे मान्य करायला हवे. पण ते कोणत्या परिस्थितीत झाले तेही पाहावे. चौथ्या आठवड्यात चेंडू झेलणारा रशी राइस जायबंदी होऊन बाहेर गेला. डाव्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या कडेच्या खेळाडूच्या) जागी एकामागून एक माणसे वापरून झाली आणि शेवटी जो टूनी या गार्डलाच तिकडे सरकवावे लागले. क्लीव्हलँडमध्ये १५ डिसेंबरला महोम्सचा घोटा मुरगळला, आणि त्यानंतरही त्याने २१ तारखेला ह्यूस्टनला हरवले आणि नाताळच्या दिवशी पिट्सबर्गला जाऊन त्यांना २९-१० असे हरवले. अकरा दिवसांत तीन सामने आणि तिन्ही जिंकले. प्रथम मानांकनही त्याच दिवशी पक्के झाले.

आणि गेले वर्ष आठवावे. ११-६ असा हंगाम झाला होता, नाताळला रेडर्सकडून घरच्या मैदानावर २०-१४ असा पराभव झाला होता आणि सगळ्यांनी चीफ्सना मोडीत काढले होते. त्यानंतर हाच माणूस बफलोत जिंकला, बाल्टिमोरमध्ये जिंकला आणि सुपर बोल हा अंतिम सामनाही जिंकला. प्लेऑफमध्ये त्याची नोंद १५-३ आहे. डिसेंबरातल्या आकड्यांवरून महोम्सला मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. सलग तीन सुपर बोल अजून कोणत्याही संघाने जिंकलेले नाहीत, आणि या वर्षी ते घडेल असे माझे मनापासूनचे मत आहे.

शंतनु_डी | ३१ डिसेंबर, दुपारी ३:४८

अण्णांचा मान राखून असहमती नोंदवतो. महोम्सच्या थोरवीबद्दल वाद नाही, पण १५-१ हा आकडा या संघाचे खरे बळ दाखवत नाही. डेन्व्हरविरुद्ध शेवटच्या क्षणी त्यांचा फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) अडवला गेला म्हणून १६-१४. रेडर्सविरुद्ध त्यांचाच चेंडू स्नॅपच्या वेळी (खेळ सुरू करताना चेंडू मागे देताना) निसटला म्हणून १९-१७. चार्जर्सविरुद्ध शेवटची किक खांबाला लागून आत गेली म्हणून पुन्हा १९-१७. कॅरोलायनासारख्या दुबळ्या संघाविरुद्धही ३०-२७. अटीतटीचे सामने जिंकण्याचे कसब काही प्रमाणात असते हे मी मानतो, परंतु खांबाला लागलेला चेंडू कोणत्या बाजूला पडेल यात कसब नसते. असे निकाल वर्षानुवर्षे एकाच पारड्यात पडत नाहीत. खुद्द बफलोने नोव्हेंबरात त्यांना ३०-२१ असे हरवले, तेव्हा शेवटच्या चेंडूची वाट पाहावी लागली नव्हती.

पहाटपाखरू | १ जानेवारी २०२५, सकाळी ७:१५ (पुणे)

सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा. भाऊ शिकागोला गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, मीही हा खेळ पाहू लागले आहे. रविवार रात्रीचा सामना आमच्याकडे सोमवारी सकाळी ६:५० ला सुरू होतो, त्यामुळे दूधवाला आणि किकऑफ एकाच वेळी येतात.

माझी एक शंका आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी आणि स्ट्राइक रेट हे दोन आकडे वेगवेगळे ठेवतात, कारण टिकून राहणे आणि वेगाने धावा करणे हे गुण निराळे आहेत. इथे मात्र पासर रेटिंग नावाचा एकच आकडा सगळीकडे दिसतो आणि त्याची कमाल मर्यादा १५८.३ अशी विचित्र आहे. तो नेमका काय सांगतो?

मेघना_जर्सी | ३१ डिसेंबर, रात्री ९:३०

पहाटपाखरू, प्रश्न फार योग्य विचारलात, आणि क्रिकेटची तुलनाही नेमकी आहे. या आकड्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात: फेकलेल्या चेंडूंपैकी किती झेलले गेले, प्रत्येक फेकीमागे किती यार्ड मिळाले, टचडाउनचे प्रमाण किती आणि इंटरसेप्शनचे प्रमाण किती. प्रत्येक घटकाला शून्य ते २.३७५ इतकेच गुण मिळू शकतात. चारही घटकांत कमाल गुण मिळाले तर बेरीज ९.५ होते, तिला सहाने भागून शंभराने गुणले की १५८.३ येतात.

आता यात काय नाही ते पाहा. क्वार्टरबॅकने स्वतः धावून मिळवलेले यार्ड नाहीत, सॅक होऊन (चेंडू हातात असताना पाडले जाऊन) गमावलेले यार्ड नाहीत, हातातून निसटलेले चेंडू नाहीत. चेंडू तीन यार्डांवर फेकला आणि पुढचे साठ यार्ड झेलणारा पळाला, तरी श्रेय फेकणाऱ्यालाच मिळते. ॲलन आणि बाल्टिमोरचा लमार जॅक्सन यांच्या खेळाचा निम्मा भाग त्यांच्या पायांत आहे, तो या आकड्याला दिसतच नाही. रॅम्सविरुद्ध ॲलनने तीन टचडाउन फेकून आणि तीन धावून केले, असे साखळी सामन्यात पूर्वी कोणीही केले नव्हते, तरी बफलो ४४-४२ ने हरले. तो सामना पाहिलेल्या कोणालाही रेटिंगचा आकडा सांगून समाधान होणार नाही.

नोव्हीवासी | १ जानेवारी, सकाळी १०:१०

डेट्रॉइटचे नाव अजून कोणी प्रेमाने घेतलेले नाही, म्हणून ते काम मी करतो.

मी २००६ मध्ये नोकरीसाठी इथे आलो. २००८ मध्ये लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. त्या वर्षी आमच्या कार्यालयात सोमवारी सकाळी कोणी फुटबॉलचा विषय काढत नसे, जणू घरात सुतक असावे. १४ जानेवारी २०२४ ला मी फोर्ड फील्डवर होतो. समोर रॅम्स होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक होता मॅथ्यू स्टॅफर्ड, ज्याने डेट्रॉइटसाठी बारा वर्षे अंग मोडून खेळ केला आणि ज्याच्या बदल्यात २०२१ मध्ये आम्हाला जेरेड गॉफ मिळाला. रॅम्सच्या लेखी गॉफ हा सौद्यात द्यावा लागलेला माणूस होता. त्या रात्री आम्ही २४-२३ असे जिंकलो. बत्तीस वर्षांतला प्लेऑफमधला तो पहिला विजय होता, आणि सबंध स्टेडियम गॉफचे नाव घेत होते. माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ रडत होते आणि मलाही आवरत नव्हते.

मेघनाताईंच्या मूळ प्रश्नावर येतो. गॉफ हा जागेने घडवलेला क्वार्टरबॅक आहे असे लोक थोडे हिणवून म्हणतात. त्याला उत्तम ऑफेन्सिव्ह लाइन (पुढची रक्षकांची फळी) हवी, ठरलेल्या लयीत चेंडू सोडता यायला हवा, हे खरे आहे. पण सिॲटलविरुद्ध त्याने १८ पैकी १८ चेंडू अचूक पोहोचवले. ह्यूस्टनमध्ये पाच इंटरसेप्शन देऊनही संघ २६-२३ असा जिंकला, आणि बफलोविरुद्ध त्याने ४९४ यार्ड आणि पाच टचडाउन फेकले तेव्हा ४८-४२ ने हरला. याच दोन सामन्यांवरून विजय आणि क्वार्टरबॅकचा खेळ यांचे नाते किती सैल आहे ते कळते. मला काळजी गॉफची नाही, बचावाची आहे. एडन हचिन्सनचा पाय ऑक्टोबरात डॅलसमध्ये मोडला, अलीम मॅक्नीलचा गुडघा बफलोविरुद्ध गेला, कार्लटन डेव्हिसचा जबडा मोडला.

मीनल_व्ही | १ जानेवारी, सकाळी १०:५५

नोव्हीवासी, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासरे स्टॅफर्डचे चाहते आहेत, ते बराच वेळ गप्प होते.

वृंदा_रॉचेस्टर | १ जानेवारी, दुपारी २:३०

ॲलनला पहिला क्रमांक दिल्याबद्दल मेघनाताईंचे आभार मानते, पण बफलोच्या माणसाला जानेवारीत आभाराइतकीच धास्तीही वाटते.

साखळी सामन्यांत महोम्सविरुद्ध ॲलन पाचपैकी चार वेळा जिंकला आहे. प्लेऑफमध्ये तीनही वेळा हरला आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये काय दडले आहे ते आम्हाला विचारा. जानेवारी २०२२ मध्ये तेरा सेकंद उरले असताना आम्ही ३६-३३ असे पुढे होतो. तेवढ्या वेळात त्यांनी बरोबरी साधली, जादा वेळेची नाणेफेक त्यांनी जिंकली, आणि ॲलनच्या हाती चेंडू पुन्हा आलाच नाही. त्या सामन्यानंतर लीगने प्लेऑफच्या जादा वेळेचा नियम बदलला, आता दोन्ही संघांना संधी मिळते. नियम बदलला, पण आमचा निकाल बदलला नाही. मागच्या जानेवारीत २७-२४ असे मागे असताना आमच्या किकरचा चेंडू खांबाच्या उजवीकडून गेला. या दोन्ही सामन्यांत ॲलनने चूक केली असे मला कोणी दाखवून द्यावे. म्हणून प्लेऑफमधल्या जय-पराजयाच्या नोंदीवरून माणसाची हिंमत मोजणारे लिखाण मला वाचवत नाही.

यंदा त्याच्याभोवतीचे कडे फार मजबूत आहे. सबंध हंगामात त्याला फक्त १४ वेळा पाडता आले. मुख्य झेलणारा स्टेफॉन डिग्ज दुसऱ्या संघात गेल्यावर आता चेंडू एका माणसाकडे न जाता पाच-सहा जणांकडे जातो आणि कोणाला दुहेरी पहारा ठेवायचा हे समोरच्यांना कळत नाही. तरीही सप्टेंबरात बाल्टिमोरने आम्हाला ३५-१० असे चिरडले होते, आणि ह्यूस्टनमध्ये ॲलनचे तीसपैकी फक्त नऊ चेंडू पोहोचले होते. या दोन दिवसांचा अभ्यास समोरच्या प्रत्येक प्रशिक्षकाने केला असणार.

विनय_टाउसन | २ जानेवारी, सकाळी ८:२०

बाल्टिमोरचा विषय वृंदाताईंनी स्वतःच काढला, म्हणून धीर आला.

लमार जॅक्सनबद्दल एकच आक्षेप ऐकू येतो: प्लेऑफमध्ये २-४. मागच्या जानेवारीत चीफ्सविरुद्धचा १७-१० असा पराभव मी मैदानात बसून पाहिला आहे. झे फ्लॉवर्सच्या हातातून चेंडू गोलरेषेवर निसटला, ते लमारच्या माथी मारता येणार नाही. तिघांच्या पहाऱ्यात त्याने फेकलेला चेंडू मात्र त्याचीच चूक होती, आणि ती मी नाकारत नाही. फरक असा की त्या दिवशी आम्ही चेंडू घेऊन धावायचेच सोडून दिले होते. आता मागे चेंडू घेऊन धावणारा डेरिक हेन्री आहे. त्याला रोखायला बचाव पुढे सरकला की मागची जागा उघडी पडते, आणि लमार नेमका तिथे चेंडू टाकतो. या वर्षी मला भीती त्याच्या फेकीची नाही. ज्याला आजवरचा सर्वांत अचूक किकर म्हणून आम्ही मिरवले, त्या जस्टिन टकरच्या किक या हंगामात चुकत आहेत, आणि वृंदाताई सांगतात तसे जानेवारीतले सामने पुष्कळदा पायाच्या एका ठोकरीवर ठरतात.

तळेगावकर | २ जानेवारी, दुपारी १२:४५

माणूस की जागा, या वादाला एक वेगळी कसोटी सुचवतो. २०१८ ची निवड आठवून पाहा. पहिल्या क्रमांकावर बेकर मेफील्ड, तिसऱ्यावर डार्नल्ड, सातव्यावर ॲलन, दहाव्यावर जॉश रोझन आणि पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसाव्या क्रमांकावर, लमार जॅक्सन. एकाच वर्षीची पाच मुले. ॲलन आणि जॅक्सन यांना ज्यांनी निवडले त्यांनीच सांभाळले. पहिल्या वर्षी ॲलनचे जेमतेम ५२.८ टक्के चेंडू पोहोचत होते. आमच्या मेघनाताईंच्या शेजारच्या संघात तो असता तर तिसऱ्या वर्षी त्याला कोणी ठेवले असते का, हा प्रश्न मी गांभीर्याने विचारतो. मेफील्ड क्लीव्हलँडमधून निघाला, कॅरोलायना आणि लॉस एंजेलिस करत टॅम्पाला पोहोचला आणि तिथे स्थिरावला. डार्नल्डचे वर आलेच आहे. रोझनला स्थिर जागा मिळालीच नाही आणि तो लीगमधून बाहेर गेला.

माझा निष्कर्ष असा की जागा माणसाला घडवते किंवा मोडते, पण वेळ दिल्यावर आत काही असेल तरच वर येते. दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या खऱ्या आहेत असे मी म्हणत नाही. जागेचे पारडे स्पष्टपणे जड आहे असे मी म्हणतो.

शंतनु_डी | २ जानेवारी, दुपारी १:३०

तळेगावकर, या धाग्यातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे. मात्र महोम्स कुठेही गेला असता तरी महोम्सच झाला असता, असे मला वाटते.

अण्णा_कॅन्सस | २ जानेवारी, दुपारी २:०२

शंतनु, महोम्सबद्दल आपले एकमत झाले याचा आनंद आहे, पण याच मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. पहिल्या वर्षी तो ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला आणि त्याने फक्त शेवटचा सामना खेळला. अँडी रीडसारखा प्रशिक्षक आणि एक शांत वर्ष मिळाले नसते तर काय झाले असते हे सांगता येत नाही. तळेगावकरांचे म्हणणे महोम्सलाही लागू आहे.

ईगल्सवाली_स्नेहा | ३ जानेवारी, सायंकाळी ६:१५

फिलाडेल्फियाची बाजू मांडते. जेलन हर्ट्सकडे यंदा कोणी क्वार्टरबॅक म्हणून पाहतच नाही, कारण बार्कली धावतो आणि बचाव राखतो. कॅरोलायनाविरुद्ध हर्ट्सने जेमतेम १०८ यार्ड फेकले तेव्हा केवढा गहजब झाला! पण तो सामनाही आम्ही जिंकलोच. पहिल्या चार सामन्यांत २-२ अशी अवस्था होती आणि हर्ट्स वारंवार चेंडू गमावत होता. मधल्या सुट्टीनंतर त्याने चेंडू जपायला सुरुवात केली आणि सलग दहा सामने जिंकले. मेघनाताईंची दुसरी कसोटी त्याला लावली तर तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. ज्याला फार काही करावे लागत नाही तो काही करूच शकत नाही असे समजणे अन्यायाचे आहे, कारण दोन वर्षांपूर्वीच्या सुपर बोलमध्ये गरज पडली तेव्हा त्याने ३०४ यार्ड फेकले होते आणि तीन टचडाउन धावून केले होते.

चिंता एकच आहे. वॉशिंग्टनमध्ये डोक्याला मार लागल्यापासून तो खेळलेला नाही. तो सामना आम्ही ३६-३३ असा गमावला, आणि तिथे जेडन डॅनियल्सने पाच टचडाउन फेकले. पहिल्याच वर्षातल्या मुलाचा असा खेळ मी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी फक्त चार सामने जिंकलेला तो संघ आज ११-५ आहे. तळेगावकर जागा म्हणतात, पण इथे तर माणसाने जागा बदलून टाकली.

ओहायोकर | ५ जानेवारी, रात्री ८:१०

काल आम्ही पिट्सबर्गला १९-१७ ने हरवले, सलग पाच सामने जिंकले, आणि तरी बाहेर पडलो. डेन्व्हर हरणे आवश्यक होते. चीफ्सनी महोम्सला आणि इतर मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आणि डेन्व्हरने ३८-० असा विजय मिळवला. अण्णा, तुमच्या संघाला तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता, त्यांनी तो सोळा सामन्यांत कमावला होता. आमचे भवितव्य दुसऱ्यांच्या हाती गेले ते सप्टेंबरातच. तरी आज घरात जेवताना कोणी बोलले नाही. बरोचा हंगाम ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउनांवर संपला, दोन्ही आकडे लीगमध्ये सर्वाधिक आहेत, आणि पुढच्या आठवड्यात तो घरी असेल.

अण्णा_कॅन्सस | ५ जानेवारी, रात्री ८:४०

ओहायोकर, मला मनापासून वाईट वाटले. बरो प्लेऑफमध्ये नसणे हे आमच्या दृष्टीने सोयीचे आहे, यातच त्याचा मोठेपणा आला.

पहाटपाखरू | ६ जानेवारी, सकाळी १०:५० (पुणे)

डेट्रॉइट ३१, मिनेसोटा ९! कार्यालयात जायला उशीर झाला, पण शेवटपर्यंत पाहिले. डार्नल्डचे ४१ पैकी फक्त १८ चेंडू पोहोचले. गोलरेषेजवळ येऊनही त्यांना तीन फील्ड गोलांपलीकडे काही मिळाले नाही. जाहमिर गिब्जने एकट्याने चार टचडाउन केले. नोव्हीवासी कुठे आहेत?

नोव्हीवासी | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

इथेच आहे, आवाज बसला आहे. प्रथम मानांकन आले, एक आठवड्याची विश्रांती आली, आणि आता न्यू ऑर्लीन्समधल्या सुपर बोलपर्यंत घराबाहेर पडायचे नाही. जमेची बाजू सांगतो, कारण ती निकालात दिसत नाही: गॉफने दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले, तरी जायबंदी झालेल्या माणसांच्या जागी आलेल्या बचावपटूंनी डार्नल्डला पूर्ण सामनाभर स्थिर उभे राहू दिले नाही. बचावपटू अँझलोनही परतला. बिचाऱ्या व्हायकिंग्जचे मात्र वाईट वाटते. चौदा विजय मिळवूनही पाचवे मानांकन, आणि पहिलाच सामना रॅम्सच्या घरी, ज्यांनी त्यांना ऑक्टोबरात ३०-२० असे हरवले होते.

मेघना_जर्सी | ६ जानेवारी, दुपारी १२:१५

सहा दिवसांत या धाग्याने मला माझे मत तपासायला लावले, त्याबद्दल सर्वांचे आभार.

काल रात्री माझ्या पहिल्या कसोटीचा निकाल डोळ्यांसमोर लागला. मिनेसोटाचे प्रशिक्षक ओकॉनेल यांच्या आखणीत, जस्टिन जेफरसनसारखा झेलणारा समोर असताना आणि उभे राहायला वेळ असताना, डार्नल्ड सोळा सामने उत्कृष्ट खेळला. कडे मोडले आणि त्याचे चेंडू उंच जाऊ लागले. तरी एका रात्रीवरून त्याचा हंगाम खोटा ठरवायला मी तयार नाही, कारण जेट्सकडे असताना त्याला असे कडे एकदाही मिळाले नव्हते आणि ते मी आठवड्यामागून आठवडे पाहिले आहे. तळेगावकरांच्या यादीतले चौघे, मेफील्ड, डार्नल्ड, ॲलन आणि जॅक्सन, यंदा एकाच वेळी प्लेऑफमध्ये आहेत. यांपैकी दोघांना त्यांच्या पहिल्या संघांनी निकामी ठरवले होते. जागेचे पारडे जड आहे, हे मी आता मान्य करते.

मात्र भरवशाचा प्रश्न वेगळा आहे, कारण जानेवारीत जागा मोडतेच. कोणीतरी जायबंदी होतो, थंडीत चेंडू दगडासारखा होतो, आणि मग माणूस उरतो. म्हणून लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल कॉन्फरन्समधून मी फिलाडेल्फियाला डेट्रॉइटच्या अर्धे पाऊल पुढे ठेवते. नोव्हीवासींनी राग मानू नये, पण हचिन्सन आणि मॅक्नील नसताना पुढच्या तीन सामन्यांत बचावाला पुन्हा पुन्हा असेच उभे राहावे लागेल, आणि ईगल्सच्या बचावाला आज तशी कोणतीही भगदाडे नाहीत. अट एकच, हर्ट्स बरा होऊन परतायला हवा.

अमेरिकन कॉन्फरन्समध्ये महोम्स नाताळनंतर तीन आठवड्यांहून अधिक काळ न खेळता मैदानात उतरेल. घोट्याला विश्रांती मिळाली हे चांगले, पण त्या लयीचे काय होईल हे मला सांगता येत नाही. ॲलनवरचा माझा भरवसा कायम आहे. सबंध हंगामात बफलोने चेंडू फक्त आठ वेळा गमावला, आणि हा आकडा मला पंधरा विजयांपेक्षा अधिक काही सांगतो.

वृंदा_रॉचेस्टर | ६ जानेवारी, दुपारी १२:४०

मेघनाताई, चीफ्सच्या आधी आमच्यासमोर आणखी एक डोंगर आहे. आम्ही डेन्व्हरला आणि बाल्टिमोरने पिट्सबर्गला हरवले तर दुसऱ्या फेरीत लमार आमच्या गावी येईल.

विनय_टाउसन | ६ जानेवारी, दुपारी १:०५

४,१७२ यार्ड फेकून आणि ९१५ यार्ड धावून येईल, वृंदाताई. एकाच हंगामात ४,००० आणि ९०० असे यापूर्वी कोणालाही जमलेले नाही. शनिवारी फ्लॉवर्सच्या गुडघ्याला मार लागला आहे, तेवढा तो बरा व्हावा. तो सामना झालाच तर मी बफलोला येणार आहे. थंडीसाठी काय काय घालावे ते कळवाल का?

वृंदा_रॉचेस्टर | ६ जानेवारी, दुपारी १:२०

सुती मोजे घालू नका, लोकरीचे घाला, आणि पायाखाली ठेवायला पुठ्ठ्याचा जाड तुकडा आणा, कारण थंडी आधी काँक्रीटमधून वर चढते. सामन्याच्या आधी आमच्याकडे जेवायला या. तुमच्या संघाचा जांभळा सदरा चालेल.